निफाडची बाटली आणि देवघराची चौकट

आषाढात, नाशिकच्या गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते त्या आठवड्यात, आमच्या देवघराच्या भिंतीवर मातीची एक रेघ दिसली. ओल्या फडक्याने पुसली आणि कुकर लावायला गेले. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा जागेवर! पेन्सिलीएवढी जाड, फरशीच्या फटीतून निघून थेट चौकटीत शिरलेली. नखाने खरवडली तर आतून तांदळाच्या कणीएवढे पांढरट जीव सैरावैरा पळाले.

वाळवी निघाली की नाशिककर आधी द्राक्षबाग असलेल्या नातेवाइकाला फोन करतात. आमच्याकडे निफाडचे धाकटे भाऊजी आहेत. बागेतल्या औषधांची नावं त्यांना पुतण्यांच्या नावांपेक्षा जास्त पाठ. रविवारी बॅटरीचा पंप आणि उरलेलं क्लोरोपायरीफॉस घेऊन सिडकोत हजर. "वहिनी, दहा मिनिटांचं काम. कशाला पाच-सहा हजार घालवता?"

काम खरंच दहा मिनिटांचं होतं. वास मात्र आठ दिवस गेला नाही. देव हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसवले, सासूबाईंचं डोकं धरलं ते धरलंच. शेतातलं औषध घराच्या चार भिंतींत मारायचं नसतं, हे भाऊजींनाही माहीत होतं आणि मलाही. स्वस्तात होतंय म्हणून दोघंही गप्प बसलो.

तीन आठवड्यांनी वाळवी बेडरूममधल्या कपाटामागे निघाली.

भिंतीवर मातीच्या वाटा करणारी ही वाळवी लाकडात राहत नाही. तिचं घर जमिनीत, लाकूड हा तिचा जेवणाचा डबा. पंप मारून आम्ही फक्त डबेवाले मारले होते. चौकटीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो अर्धा आत गेला, खारीत गेल्यासारखा. वरचा ऑइलपेंट मात्र अगदी शाबूत. तेव्हा म्हटलं, आता पेस्ट कंट्रोलचा माणूस बोलवायचा.

(झुरळांसाठी मी अजूनही कोणाला बोलावत नाही. जेलचे ठिपके ओट्याखाली स्वतःच लावते, फक्त त्यावर स्प्रे मारत नाही. आणि कपाटाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल, माती कुठेच नसेल, तर ते बहुतेक लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं काम. त्याला जमिनीत औषध सोडून उपयोग नाही.)

तिघांना विचारलं. पहिल्याने फोनवरच भाव सांगितला, घर न बघता. दुसरा "हर्बल आहे मॅडम, वास नाही, पाच वर्षं गॅरंटी" म्हणाला, पण औषधाचं नाव विचारल्यावर "कंपनीचं सिक्रेट" झालं. तिसरा आला, बूट काढले आणि पहिला प्रश्न केला, "या भिंतीपलीकडे बाथरूम आहे का?" होतं. पाइपही झिरपत होता. म्हणाला, आधी प्लंबर बोलवा, ओल राहिली तर वाळवी परत येणार. स्वतःचं काम चार दिवस पुढे ढकलणारा माणूस बघून मी तिथेच मनात होकार दिला. कृषी विभागाचा परवाना मागितला तर त्याने मोबाइलमध्ये दाखवला. भाव साडेपाच हजार.

कामाच्या दिवशी सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरभर पाण्याला साधारण २ मिली. मग ड्रिल. भिंतीलगत फरशीत फूट-फूट अंतरावर १२ मिमीची भोकं, प्रत्येकात औषध, जमीन घेईल तेवढं, जास्तीत जास्त लिटरभर. चौकटीत बारीक तिरकी भोकं. शेवटी पांढऱ्या सिमेंटने सगळं बुजवलं. दिवसभर घरभर धूळ, पण वास जवळजवळ नाहीच. या औषधाचा वाळवीलाही पत्ता लागत नाही म्हणे. ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लागलेलं घरच्यांपर्यंत नेते. त्यामुळे पुढचे काही दिवस ती दिसत राहिली तरी घाबरू नका, असं त्याने आधीच बजावलं होतं. तरी चौथ्या दिवशी दोन दिसल्यावर मी त्याला फोन केलाच.

गणपतीत भाऊजी आले. फरशीतल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत म्हणाले, "औषध कोणतं मारलं?" मी नाव सांगितलं.

"अहो, हे तर आम्ही द्राक्षावरच्या उडद्या किडीला मारतो! माझ्याकडे अर्धी बाटली पडली आहे."

"ड्रिल आहे का?" मी विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक मोदक वाढला.