लांब उडीत ‘उंच उड’ म्हणणे मी का थांबवले

लांब उडीच्या धावमार्गाशेजारी उभा राहून मी कित्येक वर्षे मुलांना एकच सूचना देत आलो, ती म्हणजे ‘उंच उड’. त्या सूचनेमागे शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र होते. ४५ अंशांच्या कोनात फेकलेली वस्तू सर्वांत दूर पडते, हे आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. परंतु ते सूत्र दोन अटींवर उभे आहे: वस्तू कोणत्याही कोनात सारख्याच वेगाने निघाली पाहिजे आणि ज्या उंचीवरून निघाली त्याच उंचीवर ती खाली आली पाहिजे. उडी मारणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत दुसरी अट थोडीफार चुकते, पहिली मात्र पूर्णपणे कोसळते.

जिल्हा स्पर्धेत उतरणारा एखादा मुलगा बोर्ड, म्हणजे उडी घेण्याची फळी, सोडताना सेकंदाला ८ मीटर वेगाने पुढे जात आहे असे समजू. ४५ अंशांचा कोन साधायचा तर वरच्या दिशेनेही त्याला तेवढाच वेग लागेल, आणि त्या वेगाने निघालेला त्याचा गुरुत्वमध्य (शरीराचे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू) सुमारे सव्वातीन मीटर वर चढेल. हाविएर सोतोमायोर याने १९९३ मध्ये केलेला उंच उडीचा विश्वविक्रम २.४५ मीटरचा आहे, आणि उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून मीटरभर वर असल्यामुळे तिथेसुद्धा तो दीड मीटरदेखील चढलेला नाही. म्हणजे ‘उंच उड’ हे आज्ञाधारकपणे ऐकणाऱ्या मुलाजवळ एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बोर्डाजवळ येताना धाव मंदावणे. माझे विद्यार्थी नेमके तेच करीत होते आणि त्याला कारण माझी सूचना होती. उत्तम पुरुष खेळाडू बोर्ड सोडतात तो कोन साधारणपणे २० अंशांच्या आसपास असतो.

त्याच मुलाला वरच्या दिशेने २.८ मीटरचा वेग मिळाला आणि वाळूत उतरताना त्याचा गुरुत्वमध्य टेक-ऑफच्या, म्हणजे बोर्डावरून पाय सुटण्याच्या, वेळेपेक्षा अर्धा मीटर खाली असला, तर तो ०.७१ सेकंद हवेत राहतो आणि त्याचा गुरुत्वमध्य सुमारे ५.७ मीटर पुढे जातो. पुढचा वेग ८ ऐवजी ८.५ झाला की यात सुमारे ३६ सेंटिमीटरची भर पडते; वरचा वेग २.८ ऐवजी ३ झाला तर सुमारे २७ सेंटिमीटरची. या दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. वरचा वेग अतिशय मोलाचा आहे, फक्त तो पुढच्या वेगाचा बळी देऊन विकत घेता येत नाही.

मग तो मिळवायचा कुठून, हा प्रशिक्षकाचा खरा प्रश्न आहे. पाय बोर्डावर टेकलेला असतो तो काळ जेमतेम ०.१२ सेकंदाचा असतो, आणि जे काही घडायचे ते तेवढ्यातच घडते. एकदा पाय सुटला की गुरुत्वमध्याचा मार्ग खेळाडूच्या हातात राहत नाही. ६० किलो वजनाच्या मुलाला तेवढ्या वेळात २.८ मीटरचा वेग मिळवायचा असेल, तर त्या एका पायावर सरासरी २००० न्यूटनच्या घरात, म्हणजे शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त बल येते, आणि क्षणिक बल त्याहूनही बरेच मोठे असते. एवढे बल गुडघा वाकवून सावकाश ढकलण्याने निर्माण होत नाही. शेवटून दुसरे पाऊल थोडे लांब पडते व कंबर किंचित खाली येते, त्यानंतरचे शेवटचे पाऊल आखूड आणि झटपट पडते, टेक-ऑफचा पाय शरीराच्या थोडा पुढे जवळजवळ सरळ ठेवला जातो, आणि धावत आलेले शरीर त्या ताठ पायाच्या टेकूवरून पुढे जाता जाता वर उचलले जाते. पुढचा थोडा वेग यात खर्च होतोच, पण तो खर्च पायाखालच्या जमिनीने करून घेतलेला असतो, मुलाने भीतीने आधीच केलेला नसतो. मोकळा गुडघा आणि हात याच वेळी जोराने वर आले तर जमिनीवरचा दाब वाढतो; पाय सुटल्यानंतर ते कितीही वर नेले तरी उडी वाढत नाही.

हवेत पाय चालवण्याच्या क्रियेविषयी पालक मला नेहमी विचारतात. तिने अंतर थेट वाढत नाही. टेक-ऑफच्या वेळी शरीराला पुढे कोलमडण्याची जी फिरक मिळालेली असते, ती हातापायांच्या फिरण्यात सामावली जाते, धड सरळ राहते आणि उतरताना पाय पुढे पसरता येतात. पाच मीटर उडणाऱ्या मुलाला ते शिकवण्याची घाई मी करीत नाही.

आता मी ‘उंच उड’ याऐवजी ‘बोर्डावरून धावत जा, छाती वर’ असे सांगतो आणि बोर्डाच्या अलीकडे पाच मीटर अंतराच्या दोन्ही टोकांना शंकू ठेवतो. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण बाजूने केले की तेवढे अंतर मुलाने किती चौकटींत पार केले ते मोजता येते. १४४ चौकटी लागल्या तर सेकंदाला ८.३ मीटर. बोर्डाशिवाय धावताना आणि उडी मारायला येताना असे दोन आकडे मी प्रत्येकाच्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवतो. दुसऱ्यात चार-पाच चौकटी वाढल्या असतील, तर त्या दिवशी आम्ही उडीचा सराव करीत नाही, फक्त धावेच्या खुणा पुन्हा मोजतो.