आषाढात गावी, पिशवीत चार पुस्तकं

आषाढात गावी जाऊ नये, असं आमच्या घरात सगळेच सांगतात. वीज नसते, मासे नसतात, कपडे वाळत नाहीत आणि फणस संपलेला असतो. मी मुद्दाम आषाढात गेलो. कारण सांगितलं तर बायको हसली, तुम्हीही हसाल. मी पाहिलेलं कोकण फक्त मे महिन्यातलं आणि गणपतीतलं. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला रजा तेव्हाच मिळते. वाचलेलं कोकण मात्र सदा भिजलेलं. पुस्तकं उघडली की पागोळ्या गळायला लागतात, व्हाळ भरून वाहतात, अंधारात कोणीतरी कंदील घेऊन येतं. तो पाऊस मी अंगावर कधी घेतलाच नव्हता. पन्नाशी आली, म्हटलं एकदा जाऊन पुस्तकं तिथेच वाचू.

पिशवीत चार घेतली. श्री. ना. पेंडशांचं ‘रथचक्र’ (१९६२), जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४), चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘कोंडुरा’ (१९६६) आणि त्याच खानोलकरांनी आरती प्रभू या नावाने लिहिलेल्या कवितांचा ‘जोगवा’ (१९५९). दोन जुन्या बाजारातली, एक वडिलांचं, एक कुणाचं तरी परत न केलेलं. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली. एकच पिशवी पुरेल असं वाटलं होतं, बायकोने दुसरी घातली. ती तरी कुठे पुरली म्हणा.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू झालं की गाड्या जपून चालतात. दरड, पाणी, धुकं. गाडीत वाचून काढू म्हणून दळवी उघडले, पण खेड गेल्यावर खिडकीच इतकी हिरवी झाली की पुस्तक मांडीवर पालथं पडलं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यात डब्यातले दिवे नेमके मिणमिणले आणि समोरचे आजोबा म्हणाले, “आम्ही बोटीने यायचो. भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला. उलट्या करत.” मग बोगदा संपेपर्यंत ते उलट्यांबद्दलच सांगत राहिले. एवढ्या तपशिलाची वर्णनं माझ्या पुस्तकांतही नव्हती.

कुडाळला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि दिवेलागण झाल्यासारखा अंधार. याच कुडाळात खानोलकर खाणावळ चालवायचे. गल्ल्यावर बसायचं, उधारी लिहायची, आणि ‘सत्यकथा’ मासिकात कविता छापून यायच्या त्या दुसऱ्याच नावाने. मी स्टँडवर उसळपाव खाता खाता पलीकडच्या टेबलावरचा हिशेब ऐकत होतो. “दोन चाय, एक भजी, कालची बाकी.” अशा हिशेबाच्या मधोमध त्या कविता कशा सुचल्या असतील याचा विचार करत होतो, तोवर वेंगुर्ल्याची गाडी लागली आणि धावत सुटावं लागलं.

वाटेत पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. कागदावरच्या चित्रांची पोथी एकेक पान फिरवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या. इथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मी उतरणार होतो, पाऊस बघून उतरलो नाही. गाडीच्या खिडकीची काच वर जात नव्हती, पाणी सरळ मांडीवर. तेव्हाच ‘कोंडुरा’ भिजलं, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

आमचं घर आरवली-शिरोड्याच्या बाजूला. घरात आता काकी एकटी असते. वय अठ्ठ्याहत्तर, कमरेत थोडी वाकलेली, आवाज मात्र वाडीभर पोचणारा. मी गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ पोचलो तर पडवीतूनच ओरडली, “मेल्या, आवशीक सांगून इलंस मा? ह्या पावसात कोण येता?” पिशवीतून पुस्तकं निघाली तेव्हा तिला वाटलं मी कुठली तरी परीक्षा देतोय.

भिजलेलं ‘कोंडुरा’ तिने माझ्या हातातून घेतलं, दोन बोटांत धरून पाणी निथळू दिलं आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं. पावसाळ्यासाठी साठवलेलं कोकम, मिरच्या आणि खारे बांगडे तिथेच ठेवलेले असतात. दोन दिवसांनी पुस्तक वाळलं. पानं लाटांसारखी वर-खाली झालीत, आणि आजही उघडलं की आधी धूर येतो, मागून बांगडा. एका समुद्राच्या कादंबरीला याहून योग्य वास कोणी लावला नसता.

पहिले दोन दिवस पावसाने घराबाहेर पडूच दिलं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारो बांगडो. ताजे मासे नाहीत, कारण जून-जुलैत मासेमारीची बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या. मग पडवीत बसून वाचायचं. इथे माझी पहिली फजिती झाली. पुस्तकांतला पाऊस वाचायला पावसातच जायचं ठरवलं होतं, पण खऱ्या पावसाचा कौलांवर असा आवाज येतो की वाचता येत नाही. वाक्य डोळ्यांपुढे असतं आणि कानात पोचत नाही. वर तीन ठिकाणी गळती. काकी दर तासाने उठून टोप, बादली, परात यांच्या जागा बदलायची, बुद्धिबळ खेळल्यासारखी. चौथ्यांदा मीही पुस्तक ठेवून उठलो. पुस्तकांतल्या पावसात परात सरकवल्याचं मला आठवेना.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली ती जाता जाईना. ही पुस्तकं ज्यांनी लिहिली ते बहुतेक मुंबईत होते. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे, आयुष्यभर नोकरी ‘बेस्ट’मध्ये. दळवी आरवलीचे, नोकरी मुंबईत. खानोलकरही शेवटी मुंबईला गेले आणि १९७६ मध्ये तिथेच वारले, सेहेचाळीसाव्या वर्षी. म्हणजे मी ज्या पावसासाठी इथे आलो होतो तो लोकल पकडून घरी आल्यावर रात्री आठवलेला पाऊस होता. मला तो इतका जवळचा का वाटायचा, हेही मग समजलं. मीही तिकडूनच आठवतो.

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. आरवलीला चालत गेलो. वेतोबाच्या देवळात केळ्यांचे घड आणि ते प्रसिद्ध चामड्याचे जोडे. माणसाच्या पायाला काय, हत्तीच्या पायालाही मोठे होतील असे. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून नवस फेडताना त्याला जोडे वाहायचे, आणि त्या जोड्यांचे तळ झिजतात अशी श्रद्धा. मी एक जोडा उलटा करून बघावा असा मोह झाला. नाही बघितला. दळवींनी या परिसरातली माणसं रंगवली ती अशा देवाच्या शेजारी राहणारी. देवालाच चपला लागतात म्हटल्यावर माणसाने स्वतःबद्दल फार गंभीर कसं व्हायचं?

तिथून शिरोडं जवळच. वि. स. खांडेकर मूळचे सांगलीचे, १९२० मध्ये इथल्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. शाळेत त्यांचं संग्रहालय आहे. खरं सांगायचं तर खांडेकरांची उपमांनी लगडलेली वाक्यं मला झेपत नाहीत. शाळेच्या आवारात हे मोठ्याने बोलायची हिंमत झाली नाही, पण पिशवीत त्यांचं एकही पुस्तक नव्हतं याची जरा लाज वाटली. कारण या चौघांत बाहेरून येऊन इथे अठरा वर्षं काढणारे ते एकटेच. बाकीच्यांचा प्रवास उलट्या दिशेचा. मिठागरांच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला. आता आषाढात सगळीकडे नुसतं पाणी, मीठ कुठे पिकतं ते कळायलाही मार्ग नाही. एक बगळा बांधावर उभा होता, माझ्यासारखाच, काही न सापडल्यासारखा.

कोंडुऱ्याला जायचं म्हटल्यावर काकीने हातातलं काम सोडलं. “पावसात थंय जावचा नाय. दर्यो पावसात कोणाचो नाय.” कोंडुरा हे वायंगणीजवळचं खरंखुरं ठिकाण, खडकांचा किनारा. कादंबरीत कोंडुरा समुद्रातला देव आहे. तो परशुरामतात्याला सिद्धी देतो आणि बदल्यात ब्रह्मचर्याची अट घालतो. मी विशीत वाचली तेव्हा ती मला भुताची गोष्ट वाटली होती, तिशीत धर्माबद्दलची, आणि आता पडवीत धुराच्या वासासकट वाचताना भित्र्या माणसाची वाटली, ज्याला आपण निवडले गेलोय यावर विश्वास ठेवायची घाई झाली आहे.

काकीला न सांगता गेलो. खालपर्यंत उतरलो नाही, वरच्या चढणीवर थांबलो. समुद्र मातकट तपकिरी, लाटा कुठे सुरू होतात ते दिसत नाही. दिसण्यापेक्षा ऐकू येतं ते जास्त. लाट खडकांच्या सांदीत शिरते, क्षणभर काहीच नाही, आणि मग जमिनीच्या पोटातून धप्प आवाज वर येतो. कानाला नाही, टाचांना कळतो. दहा-बारा वेळा ऐकल्यावर तो कधी येणार याचा अंदाज घ्यायला लागलो आणि प्रत्येक वेळी चुकलो. मग मात्र अंगावर काटा आला. इथे देव राहतो असं कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल, त्याच्याशी त्या क्षणी वाद घालायची माझी तयारी नव्हती. माघारी वळलो तर चढणीवर एक गुराखी पोरगा प्लास्टिकची खोळ पांघरून मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेला. “पडशात हां काका,” म्हणाला, मान वर न करता.

परत आलो तर काकी पडवीत चष्मा लावून वाचत बसली होती. ती सातवी पास आहे हे मला माहीत होतं, पण वर्तमानपत्रापलीकडे काही वाचताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आधी तिने दळवी घेतले होते. मी ज्या पानांवर खो खो हसतो तिथे ती हसली नाही. प्रत्येक माणूस आला की बोट ठेवायची आणि ठरवायची, हा अमक्या वाडीतला, हा तमक्याचा मामा. “नावां तेवडी बदलल्यान. ह्यां काय लिवचा? ह्यां तर रोजचा,” म्हणून पुस्तक मिटलं. तीस वर्षांच्या माझ्या आवडत्या लेखकाचा निकाल एका वाक्यात लागला. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिच्या दृष्टीने ती तक्रार नव्हतीच.

‘रथचक्र’ मात्र तिने खाली ठेवलं नाही. संध्याकाळी दिवा गेला तर मेणबत्ती लावून, ओठ हलवत, बोट ओळीवर. एकत्र कुटुंबातली बाई, नवरा घर सोडून गेलेला, मुलांच्या शिक्षणासाठी चाललेली तिची धडपड. पेंडशांनी तिला नाव दिलेलं नाही, सबंध कादंबरीत ती फक्त ‘ती’ आहे. मी कॉलेजात असताना ही लेखकाची मोठी युक्ती म्हणून वहीत लिहून घेतली होती.

“हिका नाव कित्याक नाय रे?” काकीने विचारलं.

मी वहीतलं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली. “माका तरी खंय होता? हय इलंय ती धाकटी झालंय. मगे झिलाची आवस. तुझो काको मुंबयसून मनिऑर्डर धाडी, थंय तेवडा नाव असायचा. पोस्टमन हाक मारी तेवा माकाच कळा नसायचा, कोणाक हाक मारता तां.”

काका गिरणीत होता. वर्षातून एकदा यायचा, गणपतीला. आमच्या घरात त्याच्या मुंबईच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात. खोलीत किती जण झोपायचे, पगाराचे वार, संप. काकीने इकडे काय केलं हे मी कधी विचारलंही नव्हतं. पावसात तरवो, म्हणजे भाताची रोपं, कोण काढायचं, रात्री गळती लागली तर शिडी कोण धरायचं. त्या रात्री विचारलं. ती सांगत होती आणि मधेच उठून परात सरकवून येत होती. मी फोनवर टिपून घ्यायला लागलो तर म्हणाली, तां ठेव बाजूक, लाकडां सारी कर. म्हणून बरंचसं विसरलो.

निघायच्या दिवशी तीनच पुस्तकं पिशवीत भरली. ‘रथचक्र’ तिच्या उशाशी होतं, अर्ध्याच्या थोडं पुढे, विजेच्या बिलाची खूण घातलेली. शेवट मला माहीत आहे. तो कसा आहे म्हणून तिने दोनदा विचारलं, मी काही सांगितलं नाही. एसटी सुटता सुटता गडग्यापाशी छत्री घेऊन उभी राहिली आणि ओरडली, “पुढच्या फेरीक येशीत तेवा न्ही. आणि ता धुराचा पुस्तक उन्हात घाल, वास येता!”

डोंबिवलीला येऊन महिना झाला. उन्हात घातलेलं नाही.