जुन्या पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नल 4.4 वरून 6.8 वर आणला: माझा अनुभव

जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपचे बरेच कारखाने आहेत, त्यातल्या एकात प्रेशर टेस्टचं बेंच आहे, त्याचे सेन्सर जुन्या पीसीआय कार्डाला जोडलेले. मे महिन्याच्या गरमीत पीसीचा मदरबोर्ड गेला. पीसीआय स्लॉटवाला इंडस्ट्रियल बोर्ड मिळाला पण त्यावर उबंटू 24.04 टाकलं म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) 6.8, आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) उबंटू 16.04 च्या 4.4 वर चालणारा. कार्डवाल्यांचा सपोर्ट कधीच बंद झालेला, सोर्स जीपीएल (कोड बदलायची मोकळीक देणारा परवाना) होता म्हणून निभावलं.

आधी कॉमेडीत (Comedi) बघितलं. अशा कार्डांची ही कर्नलमधलीच सबसिस्टिम, 5.13 ला स्टेजिंगमधून (अजून कच्च्या कोडच्या फोल्डरमधून) बाहेर आली. तिथे आपलं कार्ड नव्हतं. तुमचं असेल तर एवढी खटपट करूच नका.

सोर्स कंपाईल करायला मेक कमांड मारली आणि एररची रांग लागली. लिनक्सवाले युजर प्रोग्रॅमचा इंटरफेस जपतात पण कर्नलच्या आतले फंक्शन बिनधास्त बदलतात, म्हणून बाहेर ठेवलेला ड्रायव्हर मागे पडतोच. मी वरून एकेक एरर घेतला आणि कर्नलच्या सोर्समध्ये गिट लॉगला (बदलांची नोंद) -S (मोठा एस) लावून ते नाव शोधलं, की दुसऱ्या ड्रायव्हरवाल्यांनी तिथे काय बदललं ते दिसतं. आयओरिमॅप_नोकॅश 5.6 ला गेलं, साधं आयओरिमॅप चालतं. प्रॉक फाईलला (/proc मधली ड्रायव्हरची माहिती देणारी फाईल) 5.6 पासून प्रॉक_ऑप्स लागतं. क्लास_क्रिएटमधून 6.4 ला धिस_मॉड्यूल काढलं. टायमरला जरा डोकं लावावं लागलं, पूर्वी डेटा फील्डमध्ये पॉइंटर कोंबून द्यायचे, 4.15 पासून टायमर_सेटअप करायचं आणि कॉलबॅकमध्ये (टायमर संपला की चालणारं फंक्शन) फ्रॉम_टायमरने आपलं स्ट्रक्चर परत काढायचं. हे जास्त स्वच्छ आहे, मला आवडलं. जुन्या कर्नलसाठी इफ-डेफ (आवृत्तीनुसार वेगळा कोड) ठेवले नाहीत, तिथे जुना सोर्स आहेच.

कंपाईल झालं, मॉड्यूल लोड झालं आणि रीडिंग शून्य. बेंचवरचे आबा म्हणाले, "भो, पंप चढतोय, गेज चढतोय, तुमचा आकडा जागचा हलत नाही." डीमेसेगमध्ये (कर्नलचा लॉग) डीएमएआरचा फॉल्ट, म्हणजे आयओएमएमयू (कार्डाने कुठल्या मेमरीत लिहायचं यावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) कार्डाला मेमरीत लिहूच देत नव्हता. जुन्या कोडमध्ये केमॅलॉकने घेतलेल्या बफरचा (मेमरीचा तुकडा) पत्ता व्हर्ट_टू_फिजने काढून थेट कार्डाच्या 32 बिट रजिस्टरात टाकलेला. जुन्या मशीनला 2 जीबी रॅम होती म्हणून ते खपत होतं. इथे 16 जीबी, पत्ता 4 जीबीच्या वर गेला की वरचे बिट कापले जाणार. आयओएमएमयू बंद केला की फॉल्ट जातो असं काही जण सुचवतात, ते बिलकुल करू नका, मग कार्ड दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत लिहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मी 32 बिटचा डीएमए (कार्डाने थेट मेमरीत लिहिणं) मास्क लावला, बफर डीएमए_ॲलॉक_कोहेरंटने घेतला आणि त्याने दिलेला डीएमए पत्ता कार्डाला दिला. आकडा चालायला लागला. तरी आबांना सोबत घेऊन प्रत्येक चॅनेल गेजशी ताडून पाहिला, त्याशिवाय त्या आकड्यावर पाईप पास करणं बरोबर नाही.

मॉड्यूल डीकेएमएस या टूलमध्ये टाकलंय, म्हणजे कर्नल अपडेट झाला की आपोआप बिल्ड होतं, सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल लोड होऊ न देणारी सोय) चालू असल्याने मॉड्यूलवर सही करायची चावी (key) पण एनरोल केली. पुढच्या कर्नलला एक काम आताच दिसतंय, 6.16 मध्ये फ्रॉम_टायमरचं नाव टायमर_कंटेनर_ऑफ झालंय.