मागच्या स्पीकरांतून येतं तरी काय?

साध्या स्टिरिओ रेकॉर्डी मी सराउंड डिकोडरमधून, म्हणजे दोन चॅनेलांतून मागच्या स्पीकरांसाठीही आवाज काढणाऱ्या यंत्रातून, ऐकतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "रेकॉर्डमध्ये चॅनेल दोनच, मग मागून वाजतं तरी काय?"

वाजतो तो दोन चॅनेलमधला फरक. डाव्या-उजव्या बाजूला सारखंच असलेलं, म्हणजे बहुतेकदा गायकाचा आवाज, एकमेकांतून वजा केलं की शून्य. उरतात न जुळणाऱ्या गोष्टी: सभागृहातला घुमारा, टाळ्या, कडेची वाद्यं. अमेरिकन ऑडिओ अभियंता डेव्हिड हॅफलर यांनी १९७०च्या सुमारास ही वजाबाकी नुसत्या तारांनी करून दाखवली. मागचा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टोकांमध्ये जोडायचा, बस्स. (ब्रिज पद्धतीच्या, म्हणजे दोन्ही चॅनेलांचं ऋण टोक सामायिक नसलेल्या, ॲम्प्लिफायरवर मात्र हा उद्योग नको.)

गंमत म्हणजे रेकॉर्डच्या खाचेत ही वजाबाकी आधीच कोरलेली असते. खाचेच्या दोन्ही भिंती ४५ अंशांत कललेल्या. सुई आडवी हलली की दोन्ही चॅनेलमधलं सामायिक, वर-खाली हलली की फरक. त्यामुळे वाकलेली तबकडी, टर्नटेबलची घरघर, धूळ, जे जे सुईला वर-खाली नाचवतं ते मागे जातं. जुनी मोनो रेकॉर्ड हॅफलरच्या जोडणीवर लावून पाहा: गाणं समोर, खरखर पाठीमागे!

१९८७च्या डॉल्बी प्रो लॉजिक या घरगुती सराउंड डिकोडरमध्ये मागचा चॅनेल एकच, किंचित उशिरा येणारा आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचे बारीक, तीव्र आवाज कापलेला. कापण्यामागे कारण होतं: दोन्ही चॅनेलांचा मेळ जरा बिघडला तरी गायकाचे 'स' आणि 'श' मागून फुसफुसू लागतात. सिनेमाला हे ठीक, संगीताला कंजूषपणाचं. जिम फॉसगेट यांनी घडवलेलं प्रो लॉजिक २ हे २०००मध्ये आलं, मागे पूर्ण पल्ल्याचे दोन चॅनेल घेऊन. त्याच्या म्युझिक मोडमधलं 'सेंटर विड्थ' (मधला आवाज डाव्या-उजव्या स्पीकरांत किती पसरवायचा ते ठरवणारी सोय) मी मध्यावर ठेवतो, म्हणजे गायक मधल्या स्पीकरात कोंडला जात नाही.

मैफलीत जागेवर मुद्रित केलेल्या रेकॉर्डी याने खुलतात. एकेक वाद्य वेगळं घेऊन नंतर बटणाने डावी-उजवीकडे बसवलेल्या रेकॉर्डींना फारसा फरक पडत नाही. अपवाद एवढाच, की एखादा सिंथेसायझर उलट्या फेजमध्ये (एका चॅनेलमध्ये लाट वर तेव्हा दुसऱ्यात खाली) मिसळलेला असेल तर तो थेट पाठीमागून उठतो. मुद्रण करणाऱ्याच्या मनात तसं होतं का? बहुधा नसावं. मला चालतं.