ठोके चुकतात, तरी पळता कशाला?

कोल्हापुरात रंकाळा तलावावर पळताना ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. शाळेतले जुने विद्यार्थी थेट विचारतात, "बाई, हार्टाचं दुखणं हाय न्हवं तुमास्नी? मग पळताय कशाला?" नातेवाईक जरा आडून येतात. "आता या वयात कशाला गं तो ताण?" आणि अलीकडे ज्यांना स्वतःलाच हे निदान नुकतं झालंय अशी माणसंही विचारायला लागली आहेत. त्यांच्या आवाजातली भीती मला ओळखू येते. एकजण तर निदान झाल्यापासून जिनाही चढत नव्हते. म्हणून जरा सविस्तर सांगते. मी डॉक्टर नाही, गणिताची शिक्षिका. पण या दुखण्याबरोबर राहायचं म्हटल्यावर ते नीट समजून घेणं भाग होतं.

मला पॅरॉक्सिस्मल एट्रिअल फिब्रिलेशन आहे. ठोके मधूनच बिघडतात आणि आपले आपण ताळ्यावर येतात. काहींचे कायमच बिघडलेले राहतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात. त्यातल्या उजव्या कर्णिकेत वरच्या बाजूला पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. एरवी तिथून विजेचा एक इशारा निघतो आणि सगळं हृदय त्याच्या मागून चालतं. या आजारात दोन्ही कर्णिकांमध्ये जागोजागी इशारे उठतात, मिनिटाला 300 हून जास्त. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग मोडून सगळे एकदम दाराशी घुसले तर दारावरचा माणूस जमेल तसे सोडेल, कधी एक, कधी लागोपाठ तीन. कर्णिका आणि जवनिका, म्हणजे खालचे कप्पे, यांच्यामध्ये असंच एक दार आहे. त्यातून जेवढे इशारे सुटतात तेवढेच ठोके पडतात, तेही कसेही.

मला ते पहिल्यांदा जाणवलं ते पळताना नव्हे, रात्री जेवून वह्या तपासत बसले असताना. छातीत फडफड, घशाशी काहीतरी उडतंय असं वाटणं. वर्षानुवर्षं पळणाऱ्यांमध्ये हे असं विश्रांतीत, जेवणानंतर किंवा झोपेत सुरू होणं नवलाचं नाही, हे पुढे कळलं.

ईसीजीचा तो गुलाबी चौकटींचा कागद मी अजून जपून ठेवलाय. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन 0.2 सेकंदाचा. मी टेबलावरच मोजायला लागले. एका उंच टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन चौकोन, मग साडेतीन, मग जेमतेम दोन, मग चार. प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटी टेकडी असायला हवी, ती कुठेच नव्हती. तिच्या जागी नुसती थरथरती रेघ. मी या अंतरांमध्ये काही क्रम सापडतोय का ते शोधत होते, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, क्रम सापडत नाही, हीच याची खूण."

त्या दिवशी त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसं घाबरतात ती ठोके वाढण्याला. खरी भीती गुठळीची. कर्णिका नीट आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे डाव्या कर्णिकेच्या एका छोट्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचून राहतं आणि तिथे गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. या आजारात पक्षाघाताची शक्यता साधारण पाचपट वाढते. मग वय, रक्तदाब, मधुमेह, हृदय कमजोर आहे का, आधी कधी झटका येऊन गेलाय का, असे गुण मांडून रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही ते ठरवतात. मला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी माझ्याशी बोलून अपिक्साबॅन सुरू केली, सकाळी एक, रात्री एक. शिवाय ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलॉल. 'बरं वाटतंय, आता गोळी कशाला' म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी अक्षरशः हात जोडते. बरं वाटण्याचा आणि गुठळीचा काही संबंध नाही.

पळायचं की नाही हे ठरलं ते तपासण्यांनंतर. थायरॉईड पाहिलं, कारण ते वाढलं तरी ठोके असे बिघडतात. मी घोरते का, हे डॉक्टरांनी माझ्याऐवजी यजमानांना विचारलं. झोपेत श्वास अडकणं हेही यामागचं एक कारण असतं. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. आपल्याकडे तो फार महत्त्वाचा, कारण लहानपणी होऊन गेलेल्या रुमॅटिक फीवरमुळे हृदयातली मायट्रल झडप आकसलेली माणसं इथे अजून बरीच आहेत. तसं असेल तर रक्त पातळ करणारी गोळी वेगळी, वॉर्फरिनच लागते, आणि व्यायामाचा विचारही पहिल्यापासून वेगळा. माझ्या झडपा ठीक निघाल्या, स्ट्रेस टेस्टही ठीक. मग डॉक्टर म्हणाले, चालण्यापासून सुरुवात करा.

रंकाळ्याचा काठ सपाट आहे. संध्यामठाच्या बाजूने निघून शालिनी पॅलेसपर्यंत चालायचं, बसायला बाक आहेत, पहाटेपासून माणसांचा राबता आहे. एकटीने आडरस्त्याला जायचं नाही हे तेव्हा ठरवलं, ते अजून पाळते. काही आठवड्यांनी चालण्यात मिनिटभराचं पळणं घातलं, मग दोन मिनिटांचं. पहिल्यांदा पाय शिशाचे झाल्यासारखे वाटले. ते मेटोप्रोलॉलचं काम. ही गोळी ठोके वर चढू देत नाही, त्यामुळे 220 वजा वय हे जास्तीत जास्त ठोक्यांचं सूत्र, जे मी पूर्वी इतरांना शिकवायचे, ते माझ्या बाबतीत निरुपयोगी झालं. मनगटावरचं घड्याळही भरवशाचं नाही, ठोके बिघडलेले असताना अशक्त ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही आणि आकडा चुकतो. म्हणून मी पळताना एकोणतीसचा पाढा म्हणते, तोही मोठ्याने. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, असं सरळ दहापर्यंत न धापता म्हणता आलं तर वेग बरोबर. 'एकोणतीस पाचे'ला श्वास तुटला तर चालायचं. पूर्वीच्या मानाने हा वेग फार कमी आहे. मला आवडतो तो.

निघण्याआधी बाकावर बसून नाडी पाहते. अंगठ्याच्या मुळाखाली दोन बोटं, आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करायची सवय इथे चालत नाही, कारण पंधरा सेकंदांत काय सापडेल याचा नेम नसतो. नाडी अडखळत असेल तर त्या दिवशी पळणं नाही, सावकाश चालून घरी. चक्कर, छातीत दुखणं, बोलताही येऊ नये असा दम, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, असं दिसलं तर सोबतच्या माणसाने क्षणाचाही विचार न करता मोठ्या रुग्णालयात न्यायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. माझ्या खिशात कायम एक चिठ्ठी असते, नाव, गोळ्या, घरचा फोन.

दोन गोष्टी पळणाऱ्यांना सांगाव्याशा वाटतात, त्या कुणी सांगत नाही. गुडघा दुखला की आपण सहज आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. मी विचारून फक्त पॅरासिटामोल घेते. आणि पडण्याला जपायचं. पावसाळ्यात काठावरच्या फरशीवर शेवाळ धरतं, तेव्हा मी विद्यापीठाच्या आवारातल्या डांबरी रस्त्यावर जाते, चढउतार असले तरी. डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, दवाखाना गाठायचा.

आता ज्यांना वाटतं की पळण्यानेच हे झालं असेल, त्यांना नाही म्हणून मोडीत काढता येत नाही. स्वीडनमध्ये वासालोप्पेट नावाची 90 किलोमीटरची बर्फावरची स्कीइंगची शर्यत आहे. ती 1989 ते 1998 या काळात पुरी करणाऱ्या 52,755 जणांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जे जास्त वेळा उतरले आणि जे जास्त वेगात गेले, त्यांच्यात ठोक्यांचे विकार जास्त आढळले. पण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये वजन जास्त असलेल्या, हाच आजार असलेल्या लोकांमध्ये पाहिलं, तर ज्यांची व्यायामाची क्षमता वाढली त्यांचा आजार कमी वेळा उलटला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत असं मी मानते. अति जोराचं वर्षानुवर्षं करणं वेगळं आणि रोज बेताचं करणं वेगळं. आपल्या कोल्हापुरात घाम गाळला की सगळं बरं होतं हा तालमीतला विश्वास पक्का आहे, आणि निदान झालं की एकदम खाटेवर, हे दुसरं टोक. मला दोन्ही पटत नाहीत. खाटेवर पडून रक्तदाब, साखर, वजन, सगळंच वाढतं, आणि हाच आजार त्यावर पोसतो.

तर पळते कशाला? गुठळीची काळजी गोळी घेते, ठोक्यांवर माझं बोट असतं, वेग पाढ्याने ठरतो. एवढं जागेवर असताना पळणं सोडायला मला कारण सापडत नाही. आणि पहाटे पळून आल्यावर वर्गात जशी मी पाच तास उभी राहू शकते, तशी न पळता राहू शकत नाही.

पन्हाळगडावर अजून पळत जाता का, असंही काहीजण विचारतात. वाघबीळपासून वर गडापर्यंतचा घाट मी पूर्वी न थांबता पळत चढायचे. आता तो चालत चढते आणि वर सपाटीला थोडं पळते. पुढचा इको झाला की त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणार आहे. ते नको म्हणाले तर चालत जाईन, झुणका-भाकर तशीही वरच मिळते.