दोन्ही एक्स-रे पांढरेच, मग व्हेंटिलेटर वेगळा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आयसीयूत नवी ड्यूटी लागली की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. दोन पेशंट, दोघांचे एक्स-रे दोन्ही बाजूंनी पांढरे, दोघांचाही ऑक्सिजन खाली; मग एकाला पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, सेंमी पाण्यात) १४ आणि दुसऱ्याला ६ का?

पांढरेपणाचा अर्थ इतकाच, की जिथे हवा हवी तिथे ती नाही. तिथे पाणी आहे, पू आहे, रक्त आहे की फुप्फुस नुसतं मिटलंय, हे एक्स-रेवरून बऱ्याचदा ठरत नाही. उघडं फुप्फुस किती उरलंय, हे तर त्याहून नाही. ते व्हेंटिलेटरला विचारावं लागतं.

विचारायची रीत साधी आहे. व्हॉल्यूम कंट्रोल (दर श्वासाला ठरलेली हवा), ठरावीक फ्लो म्हणजे हवेचा वेग, पेशंट स्वतः जोर लावत नाहीये याची खात्री, आणि मग इन्स्पिरेटरी होल्ड, म्हणजे हवा आत गेल्यावर क्षणभर रोखणं. पीक प्रेशर (हवा शिरताना चढलेला सर्वोच्च दाब) खाली येऊन रेघ सपाट होते, तो प्लॅटो. सपाट झालीच नाही, मध्येच खड्डा पडला किंवा रेघ घसरत राहिली, तर तो आकडा फेकून द्या: पेशंट श्वास ओढतोय किंवा कुठेतरी गळती आहे.

आता आकडे घेऊ. उंची १६५ सेंमी, पुरुष. वजन काट्यावरचं नाही, उंचीवरून काढायचं: ५० + ०.९१ × (१६५ − १५२.४), म्हणजे साधारण ६१.५ किलो. किलोमागे ६ मिलीने टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, ३७० मिली. पीप १०, पीक ३३, प्लॅटो २७. प्लॅटोतून पीप वजा केला की ड्रायव्हिंग प्रेशर १७; ३७० भागिले १७, कॉम्प्लायन्स (दर सेंमी दाबाला फुप्फुस किती मिली फुगतं) २२. व्हेंटिलेटरवरच्या निरोगी फुप्फुसात तो ५० ते ८० असतो. पीक आणि प्लॅटोत फरक फक्त ६, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या आहेत.

हे फुप्फुस कडक झालंय असं सगळे म्हणतात. एआरडीएसमध्ये, म्हणजे दोन्ही फुप्फुसं एकाएकी सुजून पाण्याने भरतात त्या आजारात, ते अर्धंच खरं. १९८०च्या दशकात गॅटिनोनी या इटालियन डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी सीटी काढून दाखवलं, की फुप्फुस कडक होण्यापेक्षा लहान झालेलं असतं. पाठीकडचा भाग मिटलेला किंवा भरलेला, आणि पुढे लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा उघडा तुकडा. सगळी हवा त्या तुकड्यात शिरते. २००० सालच्या मोठ्या चाचणीत किलोमागे १२ ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले, त्यामागचं गणित हेच.

मग पीप वाढवायचा का? करून पाहा. व्हॉल्यूम तोच ठेवून १० चा १४ करा. प्लॅटो २९ वर थांबला, तर ड्रायव्हिंग प्रेशर १५ झालं: काहीतरी उघडलं. प्लॅटो ३३ वर गेला, तर ते १९ झालं: उघडं होतं तेच ताणलं गेलं, परत या. अशा वेळी नुसता सॅच्युरेशनचा आकडा पाहून खूश होणं महागात पडतं.

शेजारच्या पेशंटचा पांढरेपणा हृदयाचा असेल, तर गोष्टच वेगळी. मोठं हृदय, दोन्हीकडे पाणी. सोनोग्राफीत सगळीकडे सारख्या बी-लाइन्स (फुप्फुसातल्या पाण्याने दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा) आणि गुळगुळीत प्लुरा, म्हणजे फुप्फुसावरचं आवरण. एआरडीएसमध्ये प्लुरा खडबडीत दिसतो, मध्ये मध्ये चांगले तुकडे सुटलेले असतात. हृदयाच्या पेशंटला पीप मदत करतो ती मुख्यतः हृदयावरचा भार हलका करून. लघवीवाटे पाणी निघालं की कॉम्प्लायन्स आपोआप सुधारतो.

एकाच बाजूच्या न्यूमोनियात जास्त पीप चांगल्या फुप्फुसाला फुगवतो आणि तिथलं रक्त आजारी बाजूकडे ढकलतो. चांगली बाजू खाली करून झोपवणं अनेकदा जास्त कामाला येतं. जुन्या फायब्रोसिसवर (फुप्फुसात व्रणासारखे तंतू साचण्यावर) आलेल्या झटक्यात मात्र कॉम्प्लायन्स तेच २२, पण सीटीत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. हे खरोखर कडक असतं. उघडण्यासारखं फार नसतं, आणि पीप वाढवला की प्लॅटोच चढतो.

सगळ्यात जास्त फसवतो दमा. एक्स-रे काळाकुट्ट, डायफ्रॅम सपाट. फ्लो मिनिटाला ६० लिटर, पीक ५०, प्लॅटो २४. फरक २६, हे श्वासनळ्यांचं दुखणं. आता कोणीतरी लावलेला पीप ५ वजा करतो, व्हॉल्यूम ४२० ला १९ ने भागतो आणि म्हणतो, कॉम्प्लायन्स २२, एआरडीएस! एक्स्पिरेटरी होल्ड केला, म्हणजे श्वास सोडून झाल्यावर क्षणभर रोखलं, तर आत अडकलेल्या हवेचा दाब धरून एकूण पीप १४ निघतो. खरं ड्रायव्हिंग प्रेशर १०, कॉम्प्लायन्स ४२. फुप्फुस चांगलं आहे, हवा बाहेर यायला वेळ मिळत नाहीये. रेट मिनिटाला १० ते १२ श्वासांवर आणा, इन्स्पिरेशन (श्वास आत घेण्याचा वेळ) छोटं करा. बीपी एकदम कोसळलं तर नळी क्षणभर व्हेंटिलेटरपासून सोडवून हवा निघू द्या. तरी सुधारलं नाही, तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुस फुटून छातीत साचलेली हवा) शोधा.

एक्स-रे स्वच्छ, कॉम्प्लायन्सही बरा, तरी ऑक्सिजन खाली? मग फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतली गुठळी मनात धरा, विशेषतः एंड-टायडल (सोडलेल्या श्वासाच्या शेवटचा) आणि धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडमधलं अंतर नेहमीच्या २ ते ५ मिमी पाऱ्यावरून बरंच वाढलं असेल तर. कार्बन डायऑक्साइडच चढत असेल, तर स्नायू दमलेत का ते पाहा.

आणखी एक, कारण यात जुनी माणसंही चुकतात. पीप वाढवून काढलेला एक्स-रे कालच्यापेक्षा काळा दिसतो, आजार तेवढाच असला तरी. म्हणून एक्स-रेच्या फॉर्मवर त्या वेळचा पीप लिहायला सांगा.