सुपरमॅनच्या खांद्यामागची खिडकी

रविवार, रात्री

'मॅन ऑफ स्टील' परत बघितला. रात्र झाली तरी झळा कमी होत नाहीत, पंखा गरम हवाच ढवळतोय, झोप येणार नव्हतीच. 2013 साली थेटरात बघितला तेव्हा मारामारीच्या दणक्यात एक गोष्ट निसटून गेली होती. खलनायक जनरल झोड क्लार्क केंटला, म्हणजे सुपरमॅनला, मागतोय, नाही मिळाला तर पृथ्वीची धडगत नाही. क्लार्क चर्चमध्ये जाऊन फादरशी बोलतो. कॅमेरा असा लावलाय की क्लार्कच्या खांद्यामागे रंगीत काचेची खिडकी येते, आणि त्या काचेत गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारे प्रभू येशू. सिनेमात क्लार्कचं वय 33, येशू वधस्तंभावर गेले तेव्हाचं मानतात तेच. पुढे अंतराळयानातून तो बाहेर पडतो तोही वधस्तंभावरच्यासारखे दोन्ही हात पसरून. दिग्दर्शक झॅक स्नायडरला काही लपवायचंच नाहीये. शब्बाथ शाळेतलं, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गातलं, दुसरीचं पोरही ओळखेल.

तसं बघायला गेलं तर सुपरमॅन हा ज्यूंच्या मोशे संदेष्ट्याच्या गोष्टीतून आलेला. 1938 साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन ज्यू पोरांनी त्याला छापून आणलं. आईबाप संकटात, बाळ एका यानात घालून सोडून दिलेलं, परक्यांच्या घरी वाढलेलं. बायबलातल्या निर्गमचा दुसरा अध्याय काढा, बाळ मोशेची नाईलच्या काठची टोपली तिथेच सापडते. येशूकडे त्याला सिनेमावाल्यांनी वळवलं. 1978च्या सिनेमात बाप आपल्या एकुलत्या एका पोराला माणसांसाठी पृथ्वीवर पाठवतो, तिथून ही वाट सुरू झाली.

असो. मला ती खिडकी छळतेय.

त्या बागेत घडलं काय होतं? शिपाई येशूंना धरायला आले. त्यांचा शिष्य पेत्र याने तलवार उपसली आणि महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापला. प्रभूंनी तलवार म्यानात घालायला लावली. मनात आणलं तर बारा पलटणींहून जास्त देवदूत मागवता येतील, असंही ते बोलल्याचं शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो. मागवले नाहीत. आणि लूक सांगतो की तो कान त्यांनी बरा केला. धरायला आलेल्याचा कान!

आता सिनेमाचा शेवट. झोडच्या डोळ्यांतल्या किरणांपुढे एक कुटुंब कोपऱ्यात सापडलंय आणि क्लार्क झोडची मान मोडतो. मग गुडघ्यावर बसून किंचाळतो. त्याने चूक केली असं मी म्हणत नाही. त्या कोपऱ्यात माझी माणसं असती तर मीच ओरडलो असतो, मोड म्हणून. पण मग खिडकीत गेथशेमाने कशाला? धिप्पाड शत्रू गल्याथ याचं मुंडकं धरलेला बायबलातला दावीद लावायचा होता. तो शोभला असता.

मंगळवार

सुट्टीतल्या बायबल शाळेचा समारोप जवळ आला. पोरांना नाटुकलं करायचंय, आणि त्यात आयर्न मॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका सगळे पाहिजेत. मंडळीतल्या एका वडिलांनी (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना आमच्यात वडील म्हणतात) ऐकल्या ऐकल्या कपाळाला हात लावला. "देवाच्या घरात आता चड्डीवर चड्डी घालून नाचणार काय?" पाळकसाहेब हसले आणि प्रकरण माझ्याकडे सरकवलं. "तुमचे सगळे पिक्चर बघून झालेत, तुम्हीच काय ते ठरवा." आरोप खरा आहे.

वडिलांची काळजी काही नवी नाही. 1940च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या, त्यांतल्या काही कॅथलिक शाळांच्या आवारात. बोंब वाढली तेव्हा 1954 साली प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा विजय झालाच पाहिजे. गुन्हेगाराला त्याच्या कर्माची शिक्षा झालीच पाहिजे. कुठल्या धर्माची टिंगल नको. हॉलिवूडच्या सिनेमाला तर असली संहिता 1930मध्येच लागली होती आणि ती लिहिणाऱ्यांत डॅनियल लॉर्ड हा जेझुइट या कॅथलिक संघाचा एक धर्मगुरू होता. पडद्यावरच्या नायकाने कसं वागावं यावर चर्चवाल्यांचं लक्ष जुनंच.

आणि 2013मध्ये काय झालं? 'मॅन ऑफ स्टील' येतोय म्हणून वॉर्नर ब्रदर्सने तिकडच्या पाळकांसाठी खास खेळ ठेवले, आणि सुपरमॅनच्या आधारे येशूवर उपदेश कसा द्यावा याची तयार टिपणंही पुरवली. पासष्ट वर्षांत होळीवरून थेट व्यासपीठावर! मी हे वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "होळीच बरी होती." आमच्या पाळकसाहेबांना कुणी टिपणं पाठवली नाहीत. सोलापूर त्यांच्या यादीत नसावं.

मला मात्र त्या टिपणांचीच जास्त चीड आली. जाळणाऱ्याने निदान पुस्तक मनावर तरी घेतलं होतं.

बुधवार

मे महिन्यात आमच्या कारखान्यात मान वर करायला सवड नसते. जून उजाडायच्या आत गणवेश शाळांपर्यंत गेले पाहिजेत. बिलं करता करता डोक्यात तोच विषय. गणवेश आम्ही शिवतो, पण तो अंगात घातलेलं पोरगं शाळेत गेलं की तलावावर मासे धरायला गेलं, हे आम्हाला काय कळणार? पडद्यावरच्या पसरलेल्या हातांचं तेच आहे.

उसनं घेण्याला माझी हरकत नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1616मध्ये ख्रिस्तपुराण छापतात तेव्हा ओवी आपल्याकडचीच उचलतात, पुराणाचा थाटही आपलाच. पण सांगतात ती कथा ख्रिस्ताची. सिनेमावाले उलटं करतात. थाट ख्रिस्ताचा, आत कथा भलतीच. 'लोगन' या एक्स-मेनवरच्या सिनेमातली ती मुलगी मला म्हणूनच आवडते. नायकाच्या थडग्यावरचा वधस्तंभ उपटते आणि तिरका रोवते, त्याचा एक्स होतो. आमचं वेगळं आहे, एवढं सरळ सांगून टाकलं पोरीने.

(आमच्या लहानपणीच्या शक्तिमानला असली भानगड नव्हती. योग, कुंडलिनी, पंचमहाभूतं, आणि शेवटी पोरांना दात घासा, खोटं बोलू नका. वधस्तंभ आपल्या घरचा आणि शक्तिमान दूरदर्शनचा, दोन्ही एकाच रविवारी बिनबोभाट चालायचं.)

शुक्रवार

आज सकाळी मत्तयाचा चौथा अध्याय वाचत होतो आणि वाचता वाचता थांबलो. सैतान काय काय मागतो बघा. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील. हा तर ट्रेलर झाला! उंच इमारत, खाली गर्दी, नायक झेपावतो. प्रभू नाही म्हणतात. शेवटी वधस्तंभाखालची माणसं पण तेच मागतात. दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येईना, खाली उतर म्हणजे विश्वास ठेवू. त्या गर्दीला सुपरहिरोच पाहिजे होता. तो उतरला नाही.

म्हणजे माझी तक्रार मारामारीबद्दल नाहीच. या सिनेमांत ताकद आहे म्हणून गोष्ट आहे. शुभवर्तमानात ताकद असून वापरली नाही म्हणून गोष्ट आहे. हात तेवढेच पसरलेले, पण एकाचे उडण्यासाठी.

'स्पायडर-मॅन 2'मधली रेल्वे मी यातून वगळतो. 2004चा सिनेमा. डबे थांबवताना पीटरचे, म्हणजे स्पायडर-मॅनचे, हात दोन्हीकडे ताणलेले, मुखवटा गेलेला. तो कोसळतो तेव्हा आतले लोक त्याला हातांवर उचलून डोक्यावरून मागे नेतात आणि अलगद खाली ठेवतात. चेहरा सगळ्यांनी बघितला, पण कुणी कुणाला सांगणार नाही असं ठरतं. तिथे पसरलेले हात त्याला महागात पडलेत. नुसता फोटो नाही तो.

संध्याकाळी पोरांना हे सांगायचा प्रयत्न केला. आधी वडिलांच्या आग्रहाखातर डॉ. कोटणीसांचं सुचवून बघितलं. आपल्या सोलापूरचा माणूस, 1938मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला, 1942मध्ये तिकडेच वारला, वय अवघं 32. पोरांनी नीट ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, "पण सर, त्यात फाईट कुठंय?" दुसरा त्याला म्हणाला, "गप की बे, युद्ध चाललंय की." "मग डॉक्टर फाईट करत नाही ना बे!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याचं बरोबरच होतं.

मग ठरलं ते असं. रात्र, गेथशेमाने, शिपाई येतात, पेत्र तलवार काढतो. आणि बारा पलटणींच्या जागी हल्क, आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका धावत येतात. प्रभू त्यांना परत पाठवतात. "म्हणजे आम्ही नुसतं यायचं आणि जायचं?" हो. "एक पण ठोसा नाही?" नाही. हल्क झालेला पोरगा फार नाराज. जाता जाता एक टेबल तरी मोडू का म्हणाला. चर्चचं टेबल आहे, नाही म्हटलं. मल्ख व्हायला मात्र चौघांत भांडण. कानावर टोमॅटो सॉस लावायला मिळणार ना.

शनिवार, रात्री

भाची सुट्टीला आलीय, अकरावीत गेलीय. मंडळीतले ते वडीलही आले होते, नाटकाचं काय झालं विचारायला. शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि वाद असं जेवण झालं.

माझं म्हणणं असं पडलं की या सगळ्या सिनेमांत ख्रिस्ती म्हणावा असा प्रसंग एका बदनाम सिनेमात आहे. 'स्पायडर-मॅन 3', 2007. भाचीने नाक मुरडलं. "मामा, तो? त्यात तो केस कपाळावर ओढून रस्त्यात नाचतो!" नाचतो, कबूल. पण पुढचं बघ. काळा पोशाख अंगाला चिकटलाय, सूड डोक्यात भिनलाय, आणि तो सोलून काढायला पीटर चर्चच्या घंटेखालीच येतो. त्याच चर्चमध्ये खाली त्याचा वैरी एडी ब्रॉक देवापुढे बसलाय आणि मागतोय काय? पीटर पार्करला मारून टाक. वधस्तंभाची खूण आहे, गुडघे टेकलेले आहेत, आणि प्रार्थना ही असली. खूण आणि वागणं यांत केवढं अंतर पडू शकतं ते या सिनेमाने दाखवलं. हे दाखवायला बाकीचे कचरतात.

आणि शेवटी फ्लिंट मार्को. पीटरच्या काकांचा जीव याच्या हातून गेलाय. पोरगी आजारी होती, पैसे पाहिजे होते, बंदूक हातात होती, गोळी सुटली. तो सांगतो, पीटर ऐकतो, आणि म्हणतो, मी तुला माफ केलं. मार्को वाळू होऊन वाऱ्याबरोबर निघून जातो. मान मोडली नाही, मूठही उगारली नाही.

"निघून जातो म्हणजे?" भाची म्हणाली. "पोलीस नाहीत? कोर्ट नाही? माफ करायचं तर कर, पण खून केलाय ना त्याने! पीटरने माफ केलं, काकूला विचारलं का?"

वडील इतका वेळ भाकरी मोडत होते. त्यांनी सिनेमा बघितलेला नाही. ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतीय. शिक्षा झालीच पाहिजे."

मग माझ्या लक्षात आलं की 1954च्या त्या संहितेत हेच लिहिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. ती तशीच पाळली असती तर मार्कोला असं जाऊ देता आलं नसतं. चर्चवाल्यांनी ज्या सोवळेपणासाठी एवढा आरडाओरडा केला, त्याच सोवळेपणात माफीचा हा प्रसंग अडकून पडला असता. मी हे बोलून दाखवलं. प्रभूंनी वधस्तंभावरून माफ केलं तेव्हा त्या शिपायांना कुठल्या कोर्टात उभं केलं होतं, तेही विचारलं.

"प्रभूंचं वेगळं," वडील म्हणाले.

"पीटर पार्कर काय देव आहे का?" भाची म्हणाली.

चर्चमध्ये मुलींनी जीन्स घालावी की नाही यावर गेल्या नाताळात हे दोघं एकमेकांवर धावून गेले होते. आज माझ्याविरुद्ध एक झाले आणि वर चटणीही दोघांनी मिळून संपवली.